गॅलरीसमोरचा टॉवर

साताऱ्याला माझी आत्या राहते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे आणि गॅलरीत तिच्या तुळशीच्या दोन कुंड्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हापासून ती गॅलरीचं दार उघडत नाही. खालच्या मजल्यावरच्या एका काकांना कर्करोग निघाला आणि इमारतीत कुजबुज सुरू झाली. एका रात्री तिचा फोन आला. "अरे, तू एवढं वाचतोस, मला एकच सांग. या टॉवरनं कॅन्सर होतो का? हो की नाही?"

मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. 'नाही' म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण तिची भीती तेवढ्यानं गेली नसती. शिवाय तिच्या तक्रारीतला अर्धा भाग खराच होता, फक्त तो वेगळ्याच जागी होता. तिला नंतर सांगितलं ते सगळं इथे लिहितो आहे. टॉवरसमोर राहणारी ती काही एकटी नाही.

पहिला घोटाळा आपल्या भाषेतच आहे. बातम्यांमध्ये टॉवरच्या 'किरणोत्सर्गा'विषयी लिहितात. हाच शब्द आपण हिरोशिमा, चेर्नोबिल, तारापूर यांच्यासाठी वापरतो. अणूचं केंद्रक फुटून बाहेर पडणारे किरण आणि टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओलहरी एकाच शब्दाखाली आल्या की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. पाठ्यपुस्तकात यासाठी 'प्रारण' असा शब्द आहे. तो बोलण्यात कोणी वापरत नाही, पण फरक त्यातच आहे. उष्णता, प्रकाश, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण ही सगळी प्रारणंच. प्रारण लहरीसारखं पसरतं, पण त्याची ऊर्जा सुट्या कणांच्या रूपात पोचते. कोणतं प्रारण काय करू शकतं, हे त्याच्या एकेका कणात किती ऊर्जा आहे यावर ठरतं.

झाडावरची कैरी पाडायची तर नेमका बसणारा एक दगड पुरतो. कापसाचे बोळे हजार मारले तरी कैरी हलत नाही, कारण एकाही बोळ्यात देठ तोडण्याइतका जोर नसतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण म्हणजे दगड. त्यांचा एक कण पेशीतल्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतो, डीएनएची साखळी तोडू शकतो, आणि कर्करोगाची सुरुवात तिथून होऊ शकते. ९०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी कंपनांवर, चालणाऱ्या टॉवरच्या लहरींचा एक कण म्हणजे कापसाचा बोळा. हिरव्या प्रकाशाच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे सहा लाखाव्या भागाइतकी ऊर्जा यात असते. इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी लागते, तिच्यापेक्षा ती पंचवीस लाख पटींहून अधिक कमी आहे. टॉवरची शक्ती वाढवली की बोळ्यांची संख्या वाढते, बोळ्याचा दगड होत नाही.

मग या लहरी शरीरात काहीच करत नाहीत का? करतात. त्या ऊब आणतात. आपल्या शरीरातलं पाणी या लहरींमुळे किंचित हलतं आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये डाळ गरम होते ती याच तत्त्वावर. फरक असा की ओव्हन सात-आठशे वॅट शक्ती एका बंद पेटीत कोंडून ठेवतो, आणि टॉवरवरच्या एका अँटेनाची वीसेक वॅट शक्ती मोकळ्या आकाशात पसरत जाते. ऊब किती येते, हा प्रश्न मोजता येतो. सगळे नियम या मोजमापावर उभे आहेत.

दिव्याखाली अंधार

लोक विचारतात, टॉवर किती मीटरवर आहे. खरं तर आधी विचारावं, अँटेनाचं तोंड कुठे आहे.

टॉवरचा लोखंडी सांगाडा काहीच सोडत नाही. त्यावर उभे बसवलेले लांबट, पांढरट, फळीसारखे पट्टे असतात, त्या अँटेना. गोल ढोलकीसारखे दिसतात ते दोन टॉवरना एकमेकांशी जोडणारे असतात आणि त्यांचा झोत अगदी अरुंद असतो. फळीसारख्या अँटेनाचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा समोर जातो. आडवा तो चांगला पसरतो, पण उभ्या दिशेत फार पातळ असतो, पाच ते दहा अंशांचा. त्याला थोडंसं खाली झुकवलेलं असतं, त्यामुळे मुख्य झोत जमिनीला टेकतो तो साधारण पन्नास ते तीनशे मीटर अंतरावर. म्हणून ज्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे, त्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावरसुद्धा, लहरी बऱ्याच कमी असतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच. शिवाय मध्ये काँक्रीटची स्लॅब असते.

आता आकडेमोड करू, कारण सगळं बोलणं अखेर तिच्यापाशीच येतं. एका अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आणि झोत एका दिशेला एकवटल्यामुळे समोरच्याला ती पन्नास पट वाटली, तर समोर उभ्या माणसाच्या दृष्टीनं तो १,००० वॅटचा दिवा झाला. मध्ये भिंत नाही आणि झोत थेट अंगावर येतो असं धरलं, तर १० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.८ वॅट शक्ती पोचते. २० मीटरवर ०.२ वॅट. ५० मीटरवर ०.०३. १०० मीटरवर ०.००८. अंतर दुप्पट झालं की शक्ती एक चतुर्थांश होते, म्हणून आकडे असे झपाट्यानं कोसळतात.

यांच्या शेजारी भारतातली मर्यादा ठेवून बघा. आंतरराष्ट्रीय अयनीकरणरहित प्रारण संरक्षण आयोगानं ९०० मेगाहर्ट्झसाठी सर्वसामान्य जनतेकरता दर चौरस मीटरला ४.५ वॅट अशी मर्यादा दिली आहे. ती कशी ठरली, हेही सांगतो. संपूर्ण शरीरानं दर किलोला सुमारे ४ वॅट शोषले तर शरीराचं तापमान अंदाजे एक अंशानं वाढतं. त्याच्या पन्नासाव्या भागावर जनतेची मर्यादा ठेवली. भारतानं ही मर्यादा आधी स्वीकारली होती. मग १ सप्टेंबर २०१२ पासून ती आणखी दहापट कडक करून ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट, १८०० ला सुमारे ०.९ वॅट अशी केली.

म्हणजे आपल्या हिशेबात १०० मीटरवरचा माणूस या कडक मर्यादेच्याही दोन टक्क्यांच्या आत आहे. तीन कंपन्यांच्या वेगवेगळ्या अँटेना मिळून दहा झोत अंगावर आले तरी तो मर्यादेच्या बराच खाली राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जगभरातल्या मोजण्यांचा सार दिला तेव्हा टॉवरजवळच्या सार्वजनिक जागांमध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के इतकीच पातळी आढळली होती.

पण १० मीटरवरचा आकडा पुन्हा बघा. ०.८ हा ०.४५ पेक्षा मोठा आहे. अँटेना समोरच्याच इमारतीवर, तुमच्या खिडकीच्या उंचीला, खिडकीकडे तोंड करून आणि दहा-पंधरा मीटरवर असेल, तर तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि तिथे मोजणी झालीच पाहिजे. दूरसंचार विभागानं राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये समोरासमोर समान उंचीला असलेल्या इमारतीसाठी एका अँटेनाला २० मीटर, दोनांना ३५ मीटर असं अंतर दिलेलं होतं. ते याचसाठी. आपल्या शहरांत दोन इमारतींमधल्या बोळात दुचाकी जेमतेम जाते. तिथे ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. आत्याच्या बाबतीत अँटेना तिच्या गच्चीपेक्षा दोन मजले उंच होती आणि तोंड रस्त्याच्या दिशेला होतं. तिला हे मी व्हिडिओ कॉलवर बोट दाखवून दाखवलं. त्या दिवशी तिनं गॅलरीचं दार पहिल्यांदा उघडलं.

'शक्यता आहे' म्हणजे काय

३१ मे २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना '२ ब' गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या गोष्टींच्या गटात. 'टॉवरनं कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओ म्हणतं' हे वाक्य तिथून निघालं. पण तो निर्णय कशावर आधारलेला होता, हे फार थोड्या जणांनी सांगितलं. तो फोन वर्षानुवर्षं कानाला लावून खूप बोलणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या गाठींविषयीच्या काही अभ्यासांवर आधारलेला होता, आणि तो पुरावाही 'मर्यादित' म्हटलेला होता. टॉवरसारख्या वातावरणातल्या लहरींबद्दलचा पुरावा त्या तज्ज्ञांनी 'अपुरा' ठरवला. हा गट 'पुरावा आहे पण मजबूत नाही' असं सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि पूर्व आशियातल्या पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्याही याच गटात आहेत.

त्यानंतरच्या वर्षांत काय झालं? २०२४ मध्ये डब्ल्यूएचओनं करवून घेतलेला एक मोठा आढावा आला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. मोबाईल वापरण्यानं मेंदूचा कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. उत्तर युरोपात आणि ऑस्ट्रेलियात तीस वर्षांत फोन घराघरांत पोचला, तरी मेंदूच्या कर्करोगाच्या नोंदी त्या प्रमाणात चढल्या नाहीत.

टॉवरच्या बाबतीत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनमधला २०१० चा अभ्यास. चार वर्षांपर्यंतच्या ज्या मुलांना कर्करोग झाला अशी १,३९७ मुलं त्यांनी घेतली, आणि प्रत्येकासाठी त्याच वयाची, निरोगी, अशी एकूण ५,५८८ मुलं. आईच्या गरोदरपणात घर टॉवरपासून किती दूर होतं, आसपासच्या टॉवरची एकूण शक्ती किती होती, घराशी पोचणारी लहर अंदाजे किती होती, हे तिन्ही त्यांनी काढलं. तिन्हींपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध लागला नाही. मी याला वजन देतो कारण इथे लोकांना आठवून सांगायला लावलं नव्हतं. आजार झालेल्या मुलाच्या आईला 'टॉवर जवळ होता का' विचारलं की ती हो म्हणते आणि ते साहजिक आहे. इथे पत्ते आणि टॉवर दोन्ही नोंदीतून घेतले होते.

उलट बाजूचे अभ्यासही आहेत आणि ते लपवून लेख लिहिणं अप्रामाणिक ठरेल. २००४ मध्ये जर्मनीतल्या नायला गावच्या डॉक्टरांनी सुमारे हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि टॉवरच्या ४०० मीटरच्या आत राहणाऱ्यांत कर्करोग जास्त असल्याचं लिहिलं. त्यांची कळकळ खरी होती. पण कर्करोगाचे एकूण रुग्ण चाळिशीच्याही आत होते, आणि कोण तंबाखू ओढतो याचा हिशेब त्यात नव्हता. इतक्या लहान संख्येत चार-पाच रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष उलटतो.

प्राण्यांवरचे प्रयोग मला जास्त विचारात पाडतात. अमेरिकेत २०१८ मध्ये उंदरांवरचा मोठा प्रयोग संपला. दिवसाला नऊ तास, दोन वर्षं, संपूर्ण शरीरावर लहरी. नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. त्याच वर्षी इटलीतल्या रामात्सिनी संस्थेनं टॉवरसारख्या लहरी दिवसाला १९ तास देऊन जन्मभर उंदीर पाळले, आणि तशाच गाठी सर्वात वरच्या पातळीवर नरांमध्ये दिसल्या. हे झटकून टाकण्यासारखं नाही. पण पातळ्या बघा. अमेरिकेतल्या प्रयोगातली सर्वात कमी मात्राही माणसांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या सुमारे एकोणीस पट होती. इटलीतली वरची पातळी भारताच्या १८०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेच्या साधारण सात पट. आणि एक कोडं अजून सुटलेलं नाही. अमेरिकेच्या प्रयोगात लहरी दिलेले नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. या प्रयोगांमुळेच कर्करोग संस्थेच्या सल्लागारांनी रेडिओलहरींचा पुन्हा आढावा घ्यावा, तोही अग्रक्रमानं, असं सुचवलेलं आहे. तो व्हावा असं मलाही मनापासून वाटतं.

एका इमारतीत इतके रुग्ण कसे?

२०१० च्या सुमारास मुंबईतल्या कारमायकल रोडवरच्या एका इमारतीविषयी बातम्या आल्या होत्या. समोरच्या इमारतीवर अँटेना होत्या आणि त्यांच्यासमोरच्या मजल्यांवर कर्करोगाचे अनेक रुग्ण. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दूरसंचार विभागाला अहवाल देऊन मर्यादा फारच सैल असल्याचं सांगितलं. पुढे मर्यादा दहाव्या भागावर आली, त्यात अशा आवाजांचा वाटा होता. लोक बोलले म्हणून नियम कडक झाला, हे मी चांगलंच समजतो.

पण 'एका इमारतीत इतके रुग्ण' हा पुरावा कितपत आहे, ते बघू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या संस्थेच्या अंदाजानुसार आपल्याकडे दर नऊ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होण्याची शक्यता असते. चाळीस घरांच्या सोसायटीत एकशेऐंशी माणसं धरली, तर त्यांच्यापैकी वीस जणांना केव्हातरी कर्करोग होणार. टॉवर असो वा नसो. त्यातून माणसं उतारवयाची असली की हे रुग्ण काही वर्षांच्या काळात एकापाठोपाठ दिसतात. महाराष्ट्रात लाखो इमारती आहेत. त्यांपैकी काहींत नुसत्या योगायोगानं पाच-सहा रुग्ण एकदम सापडतील, आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतींसमोर टॉवर असेल, कारण शहरात टॉवर नाही कुठे? ज्या इमारतीसमोर टॉवर आहे पण रुग्ण नाही, तिची बातमी होत नाही. बाण आधी मारायचा आणि तो जिथे रुतेल तिथे भोवती वर्तुळ काढायचं, असं हे होतं. म्हणूनच ब्रिटनसारखा अभ्यास लागतो, ज्यात वर्तुळं आधी काढलेली असतात.

आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना झाला तो तोंडाचा कर्करोग. पस्तीस वर्षं ते तंबाखू खात होते. इमारतीत कुणीच हे मोठ्यानं बोललं नाही, कारण आजारी माणसाला दोष द्यायला जीभ रेटत नाही. टॉवरला दोष देणं सोपं होतं.

डोकं दुखतं, झोप लागत नाही

ही तक्रार मी कधीही खोटी म्हणणार नाही. टॉवर आल्यावर ज्यांना डोकेदुखी, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते, त्यांना ते खरंच होतं. प्रश्न कशामुळे होतं हा आहे.

२००७ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात यावर प्रयोग झाला. 'आम्हाला टॉवरचा त्रास होतो' म्हणणारे ४४ जण आणि असा त्रास नसलेले ११४ जण. आधी सांगून अँटेना सुरू केली, तेव्हा पहिल्या गटाला त्रास झाला. मग कुणालाही न सांगता, प्रयोग घेणाऱ्यालाही माहीत नसताना, ती चालू-बंद केली. आता त्रासाचा आणि अँटेना चालू असण्याचा मेळ बसला नाही. पुढे २०१० मध्ये असे ४६ प्रयोग आणि मिळून ११७५ माणसं यांचा आढावा झाला. त्यातही लहरी चालू आहेत हे ओळखता येतं किंवा त्यांमुळे लक्षणं उमटतात, असं दाखवता आलं नाही.

भीतीनंही शरीर आजारी पडतं. दारात अनोळखी माणूस उभा असेल तर झोप लागत नाही, तसंच. अंगावर रोज काहीतरी येतंय आणि मला कुणी विचारलंही नाही, ही जाणीवच रक्तदाब वाढवायला पुरेशी आहे. अशा माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणणं क्रूरपणाचं आहे. मोजणी करून आकडा हातात दिला तर मात्र बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो.

आणि काही वेळा झोप मोडणारं कारण साधं असतं, पण त्याकडे पुढे येतो.

कानाला लावलेला टॉवर

आपण 'फोनला टॉवर नाही' म्हणतो तेव्हा फोन काय करत असतो? तो ओरडत असतो. दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून फोन आपली शक्ती वाढवत नेतो, जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. टॉवर जवळ असेल तर तो तीच शक्ती शेकडो पटींनी कमी करतो. आपल्या आकडेमोडीत १०० मीटरवर थेट झोतात उभ्या माणसाच्या सबंध अंगावर फार तर ०.००६ वॅट येतात. रेंज नसलेल्या घरात कानाला लावलेला फोन ०.२ वॅट डोक्याशेजारी सोडतो.

कुणी म्हणेल, टॉवर चोवीस तास आणि फोन थोडा वेळ. मीही हा हिशेब मांडून बघितला. १०० मीटरवर भिंतीविना, पूर्ण झोतात उभं राहिलेला अख्खा दिवस म्हणजे कमी रेंजमध्ये फोनवर सुमारे चाळीस मिनिटं बोलणं. घराच्या आत, झोताबाहेर राहणाऱ्याचा दिवस त्याहून फार कमी. म्हणून टॉवर हटवला की लहरी कमी होतीलच असं नाही. वस्तीतला टॉवर गेला तर तिथल्या प्रत्येक माणसाचा फोन जास्त ओरडू लागतो, तोही कानाशी.

म्हणून ज्याला लहरी कमी करायच्याच आहेत त्यानं इअरफोन लावावा किंवा स्पीकरवर बोलावं, लिफ्टमध्ये आणि तळघरात लांबलचक गप्पा टाळाव्यात. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला दर किलोला १.६ वॅट ही शोषणाची मर्यादा आहे. फोनवर *#०७# दाबून तो आकडा बघता येतो. 'रेडिएशन शोषणारे' म्हणून पाच-सातशे रुपयांना स्टिकर विकतात, ते घेऊ नका. तो खरंच लहरी अडवत असेल तर फोन आणखी जोरात ओरडेल, आणि अडवत नसेल तर पैसे वाया.

५जीचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात. वारंवारिता, म्हणजे सेकंदातल्या कंपनांची संख्या, वाढली तशी लहर शरीरात कमी खोल शिरते. कैरी आणि बोळ्यांचा हिशेब तोच राहतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत '५जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरतायत' अशी अफवा पसरली होती. तेव्हा देशात ५जी सुरूही झालं नव्हतं.

चिमण्यांचंही विचारतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स'च्या २०२० च्या अहवालात चिमणीची देशभरातली संख्या बऱ्यापैकी स्थिर दिसली, घटली ती मोठ्या शहरांत. शहरांत वळचण गेली, अंगणात दाणे टिपायला जागा राहिली नाही, पिल्लांना लागणाऱ्या अळ्या गेल्या. एवढी कारणं समोर असताना सगळं टॉवरवर टाकलं की ती दुरुस्त करायची राहून जातात.

न्यायालयात

एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करण्याचा आदेश दिला. घरकाम करणाऱ्या एका माणसाची तक्रार होती की शेजारच्या गच्चीवर पन्नास मीटरच्या आत तो २००२ पासून बेकायदा उभा आहे आणि त्यामुळे आपल्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. हा आदेश फार फिरवला जातो, पण तो एका प्रकरणापुरता होता. दुसरीकडे, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात चिखलहोळ ग्रामपंचायतीनं कर्करोगाच्या भीतीनं टॉवर थांबवण्याचा ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण त्या भीतीला आधार देणारा शास्त्रीय पुरावा पुढे आलेला नव्हता. कोर्टात जायचं तर हातात आकडा असावा लागतो, हे या दुसऱ्या निकालातून दिसतं.

आकडा मिळवता येतो. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे संकेतस्थळ मे २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात, आणि ते नियमात आहेत की नाही तेही. शुल्क भरून आपल्या घराशी मोजणी मागता येते. सुरुवातीला ते ४,००० रुपये होतं. एका घराला ते जड वाटेल, सोसायटीनं वाटून घेतलं तर चहापाण्याचा खर्च आहे. मर्यादा ओलांडलेली आढळली तर कंपनीला लाखांच्या घरात दंडाची तरतूद केलेली आहे.

जी तक्रार कुणी करत नाही

आता आत्याची झोप. मी तिला विचारलं, नेमकी कधी मोडते? ती म्हणाली, "लाईट गेली की." समोरच्या इमारतीच्या बाजूच्या पट्टीत टॉवरचा डिझेल जनरेटर आहे. वीज गेली की तो धडधडतो आणि त्याचा धूर थेट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येतो.

डिझेलच्या धुराला त्याच कर्करोग संस्थेनं जून २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तंबाखू त्याच गटात आहे. टॉवरच्या लहरींवर सगळी इमारत भांडत होती आणि धुराविषयी एकही अर्ज गेला नव्हता. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जनरेटरला ध्वनिरोधक आवरण आणि पुरेशी उंच धुराची नळी असावी लागते. तिथे दोन्ही धड नव्हतं.

गच्चीवरच्या भाराचंही तेच. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीवर टनावारी लोखंड, बॅटऱ्यांचे कपाट आणि वाऱ्याचा ताण येतो. अभियंत्याचं संरचना प्रमाणपत्र, महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी, वीजरोधक, सर्वसाधारण सभेचा ठराव ही कागदपत्रं मागायचा सभासदाला हक्क आहे. महिन्याला भाडं येतं म्हणून दोन-तीन पदाधिकाऱ्यांनी सही करून टाकायची आणि वरच्या मजल्यावरच्यांनी गळकी स्लॅब सोसायची, हे जागोजागी चालतं, आणि मला त्याचा राग येतो. आणखी एक सांगून ठेवतो. 'तुमच्या जागेवर टॉवर बसवतो, लाखो रुपये अनामत मिळेल, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर ती फसवणूक आहे. टॉवर बसवण्यासाठी जागामालकानं पैसे भरायचे नसतात.

आत्यानं विचारलं, मग अर्जात काय लिहू? मी तिला आधी मसुदा पाठवायला सांगितला. तिच्या पहिल्या मसुद्यात विषय होता 'मोबाईल टॉवरच्या घातक किरणोत्सर्गाबाबत'. तो खोडून आम्ही लिहिलं, 'जनरेटरचा धूर व रात्रीचा आवाज, तसेच प्रारणाच्या मोजणीची विनंती'. खाली वीज गेल्याच्या अकरा रात्रींच्या तारखा आणि वेळा लिहिल्या, तिच्या कॅलेंडरवरून बघून. दूधवाल्याच्या नोंदींशेजारी तिनं त्या पेन्सिलीनं टिपून ठेवल्या होत्या.